लपवून ठेवलेला पोरगा

वर्लन स्टिडम क्लिफ्टन रूक्सला पाण्यात पाहायचा. सिनसिनाटीतल्या त्या बास्केटबॉल संघाच्या ऑफिसात झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त क्लिफ्टनला. तो आपला दर रविवारी न चुकता वर्लनला फोन करायचा, बायकोची, डार्लीनची, खुशाली विचारायचा, या आठवड्यात काय पाहिलंस म्हणायचा. वर्लनला याचाच जास्त राग. अरे, माणसानं जरा वाईट तरी वागावं, म्हणजे समोरच्याला निवांत दुस्वास करता येतो.

दोघांचं काम एकच. हिवाळाभर गावोगावच्या कॉलेजांतले सामने बघत हिंडायचं आणि जूनमध्ये सगळे संघ पाळीपाळीनं नवी पोरं उचलतात, तेव्हा आपल्या संघानं कुणाला उचलावं ते सांगायचं. वर्लन केंटकीचा, खाणकामगाराचा मुलगा. ओहायो नदीच्या दोन्ही काठांवरचं एकही जिम त्यानं सोडलं नव्हतं. पेट्रोलपंपावरचं गारढोण सँडविच खायचं आणि लाकडी बाकावर तासन्‌तास बसायचं, यात त्याची कंबर कामातून गेली. डार्लीन म्हणायची, लग्न माझ्याशी केलंस आणि संसार त्या बाकांशी.

त्या ऑफिसात एक पद्धत होती. ज्यानं पोरगा हुडकला, त्याच्या नावानं तो ओळखला जायचा. हा अमक्याचा पोरगा, तो तमक्याचा. दोघांचा फोटो जिन्याजवळच्या भिंतीवर लागायचा. वर्लनच्या सांगण्यावरून तशी बरीच पोरं आली, पण चौघांच्या मतात मिसळून आली. निखळ वर्लनचा म्हणावा असा एकही नाही. आणि क्लिफ्टनचा? जिना चढलं की पहिला फोटो त्याचाच. शेजारी लेव्हॉन पर्डी, ज्याच्या नावाचा शर्ट घालून आज अर्धं शहर फिरतं. जिना टाळता यावा म्हणून वर्लन लिफ्टनं जायचा, एका मजल्यासाठी.

आता त्याच्या पोटदुखीला कारणच नव्हतं असं नाही. लेव्हॉनला आधी पाहिलं होतं वर्लननं. एकदा दुपारी क्लिफ्टनबरोबर चिली, म्हणजे तिकडचा मसालेदार खिमा, खाताना, स्पॅगेटीवर चीजचा डोंगर रचता रचता, तो बोलून गेला की इंडियानात एक लांब हातांचा पोरगा आहे, अजून कच्चा आहे, बघू पुढच्या वर्षी. क्लिफ्टन त्याच आठवड्यात इंडियानाला गेला आणि परत येऊन त्यानं सगळ्यांपुढे ठासून सांगितलं की घ्यायचा तर हाच. घेतला. फोटो लागला. वर्लननं हसून टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन दोन दिवस डार्लीनशी धड बोलला नाही. पुन्हा तोंडून शब्द काढणार नाही, असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि मग या जानेवारीत त्याला एमरी मॅब्री दिसला.

नदीकाठचं एक लहानसं कॉलेज, जिमला पॉपकॉर्नचा वास, अर्धी बाकं रिकामी. एमरी धावायला लागला की पाय जड वाटायचे, कुणीही नाक मुरडावं असे. पण चेंडू जिथे पडणार तिथे हा पठ्ठ्या आधीच उभा. वर्लनच्या अंगावर काटा आला. असा पोरगा आयुष्यात एखादाच दिसतो आणि तो आपल्याला दिसलाय, दुसऱ्या कुणाला नाही.

या धंद्यात आवडलेल्या पोराकडे फार बघायचं नसतं. इतर संघांची माणसं आपल्या तोंडाकडे बघत असतात. मध्यंतरालाच कोट चढवून निघायचं, म्हणजे त्यांना वाटतं यात काही दम नाही. वर्लन तसाच निघाला आणि पॉपकॉर्नवालीच्या मागच्या दारानं पुन्हा आत शिरून उरलेला सामना उभ्यानं पाहिला. इथवर सगळं शहाणपणाचं होतं.

रविवारी क्लिफ्टनचा फोन आला. नदीकडे काही आहे का, त्यानं विचारलं. कुण्या मॅब्रीचं नाव कानावर आलंय म्हणाला. वर्लनला तो चीजचा डोंगर आठवला. तो म्हणाला, "पाय जड आहेत रे. पेट्रोल जाळू नकोस." आणि फोन ठेवल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं शिटी वाजवत भांडी घासली. डार्लीननं विचारलं, आज काय झालंय तुला?

फेब्रुवारीच्या बैठकीतही तो तेच बोलला. सगळ्यांचा वरिष्ठ हॉलिस, त्यानं मॅब्रीबद्दल विचारलं तेव्हा वर्लननं खांदे उडवले. पाय जड. एप्रिलमध्ये पुन्हा तेच. मनात त्यानं सगळं रंगवून ठेवलं होतं. जूनमधली निवड दोन दिवस चालते; दुसऱ्या दिवशी, मागच्या फेरीत आपली पाळी आली की आपण उठायचं आणि एकदम नाव टाकायचं. चोरायला कुणाला वेळच मिळणार नाही. भिंतीवर फोटो कुठे लावायचा, तेही त्यानं ठरवलं होतं: लेव्हॉनच्या वर. रात्र रात्र तो त्या फोटोतल्या आपल्या हसण्याचा विचार करायचा. क्लिफ्टनचं तोंड कसं होईल, याचा त्याहून जास्त.

तो दिवस आला. दुपारची वेळ, लांबलचक टेबल, कोपऱ्यात मोठा टीव्ही. संघाची पाळी आली, घड्याळ सुरू झालं. अशा वेळी हाताशी जेमतेम दोन-चार मिनिटं असतात. हॉलिसनं विचारलं, कुणाला काही बोलायचंय?

वर्लन उठला. "एमरी मॅब्री," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर घ्या. इतक्या वर्षांत मी असा पोरगा पाहिला नाही."

हॉलिसनं चष्मा काढला.

"वर्लन, तूच म्हणालास ना पाय जड? दोनदा?"

"मी त्याला लपवत होतो."

"बाहेरच्यांपासून लपव की. या खोलीत कुणापासून लपवत होतास?"

वर्लनची नजर गेली ती नेमकी क्लिफ्टनकडे, आणि ती गेलेली सगळ्यांनी पाहिली. हॉलिसनं क्लिफ्टनलाच विचारलं, तू पाहिलास का या पोराला? तू हो म्हण, मी घेतो.

क्लिफ्टन चांगलाच गोंधळला होता. "नाही पाहिला," तो म्हणाला. "जाणार होतो. हॉटेलसुद्धा ठरवलं होतं. पण वर्लन म्हणाला पेट्रोल जाळू नकोस, म्हणून नाही गेलो." मग तो वर्लनकडे वळून अगदी साधेपणानं म्हणाला, "तू म्हणालास की मी बघायला जातो, तू नको म्हणालास की नाही जात. लेव्हॉनच्या वेळी तरी मी दुसरं काय केलं होतं?"

घड्याळ संपत आलं होतं. एकाच माणसाच्या दोन तोंडांवर कुणी पोरगा घेत नाही. हॉलिसनं टेक्सासचा एक उंच पोरगा घेतला. सगळ्यांना तो बरा वाटत होता.

वर्लन खाली बसला. कान तापले होते. क्लिफ्टननं त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला, पण वर्लननं तो घेतला नाही.

थोड्याच वेळात टीव्हीवर एमरी मॅब्रीचं नाव पुकारलं गेलं. दुसऱ्याच संघानं घेतला होता, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या. त्याच्या आईनं तोंडावर हात धरला, भावंडं एकमेकांच्या अंगावर पडली, कुणीतरी पोराच्या डोक्यावर टोपी घातली. क्लिफ्टन हळूच म्हणाला, खरंच चांगला असेल ना रे पोरगा? वर्लननं मान डोलावली.

पण तो पोराकडे बघतच नव्हता. तिकडे दूर कुठल्यातरी खोलीत अशाच एका टेबलाशी कुणाच्या तरी पाठीवर आत्ता थापा पडत असतील, असं त्याच्या डोक्यात आलं होतं. कोण असेल तो? कोणत्या बाकावर बसला होता? त्या माणसाचं नाव त्याला माहीत नव्हतं, तोंड माहीत नव्हतं, आणि वर्लनच्या छातीत त्याच्याविषयी जुनाच, ओळखीचा जाळ पेटला होता.