लविवच्या बाईंना मी दिलेलं उत्तर

जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या अंकात माझ्या दिवंगत पत्नीवर दोन पानं आली आहेत. युद्ध सुरू झालं तेव्हा युक्रेनमधून आलेल्या लोकांसाठी आम्ही दोघांनी किती केलं, असं त्यात लिहिलं आहे. तिच्याबद्दलचं खरं आहे. माझ्याबद्दलचं नाही. हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जात असे.

युद्धाच्या तीन वर्षं आधी आम्ही शनिवार-रविवार जोडून युक्रेनमधल्या लविवला गेलो होतो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून. मी तेव्हा इथे इंगोलश्टाटच्या कारखान्यात इंजिनीअर होतो, आणि सहलीचाही तक्ता करून छापून नेण्याची मला सवय होती. एका बाईंच्या घरातली खोली मी माझ्या फोनवरून ठरवली होती. साठीच्या, विधवा. पूर्वी जर्मनीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करत, म्हणून जर्मन चांगलं बोलायच्या.

शनिवारी सकाळी ऑपेरा हाउस पाहिलं, नगरभवनाच्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढलो. तक्त्याप्रमाणे दुपारी जुनं कब्रस्तान होतं. पण जेवायला खोलीवर आलो तर बाई स्वयंपाकघरात बटाट्याचं सारण भरून वारेनिकी करत होत्या. बायकोने एक उचलून पाहिली.

"अहो, ही तर करंजीच. मुरड तेवढी घालता येत नाही या बाईला."

"आपल्याला अडीचला निघायचंय," मी म्हणालो.

"तुम्ही जा. मेलेली माणसं कुठे पळून जात नाहीत."

मी एकटाच गेलो, आणि भरपूर चिडून गेलो. परत आलो तेव्हा दोघी हात पिठाने माखून हसत होत्या. बायकोचं जर्मन दुकानापुरतं, तरी त्यांचं काही अडत नव्हतं.

रविवारी निघताना बायकोने त्यांची ओटी भरायची ठरवली. नारळ कुठून आणणार? बाजारातून आणलेली पाच सफरचंदं, तिची स्वतःची नवी ओढणी, आणि त्यांच्याच डब्यातले मूठभर तांदूळ. बाईंना वाटलं, आम्ही त्यांचे तांदूळ परत करतोय.

"अगं, त्या विधवा आहेत," मी हळूच म्हणालो.

"मग? विधवेला माहेर नसतं का? सांगा तिला, इंगोलश्टाटला आता तुझं माहेर आहे."

माहेर कसं सांगायचं ते मला सुचेना. मी जर्मनमध्ये म्हणालो, आमचं घर तुमचंच समजा, कधीही या. बाईंनी ओढणीत गुंडाळलेले तांदूळ छातीशी धरले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

युद्धाच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा संदेश आला, माझ्या फोनवर. त्या आणि त्यांची मुलगी पोलंडच्या हद्दीवर रांगेत उभ्या होत्या. 'तुम्ही म्हणाला होतात, कधीही या. दोन आठवडे चालेल का?'

बायको रोज विचारत होती, लागला का तिचा फोन? तिने मागची खोली झाडून ठेवली होती, पलंगावर धुतलेल्या चादरी घातल्या होत्या. आणि मी न्हाणीघराचं दार लावून लिहिलं: सध्या शक्य नाही. इमारत सांभाळणारी हाउसफेरवाल्टुंग जास्त माणसं राहू देत नाही. जर्मनीत पोचलात की सरकारी कचेरीत जा, तिथे उत्तम सोय होते.

हाउसफेरवाल्टुंगला मी काही विचारलंच नव्हतं. खरं कारण इतकं लहान आहे की लिहायला लाज वाटते. मी नुकताच निवृत्त झालो होतो. सकाळी माझ्या टेबलावर परकी माणसं नको होती. दोन आठवड्यांचे दोन महिने होतील, ही भीती होती. बस.

त्यांचं उत्तर लगेच आलं: 'समजलं. तुमच्या पत्नीला नमस्कार.' तो नमस्कारही मी पोचवला नाही. संदेश पुसून टाकले आणि बाहेर येऊन म्हणालो, "नाही लागत फोन."

त्यानंतर आम्ही दोघं स्टेशनजवळच्या हॉलमध्ये रोज जाऊ लागलो. आलेल्यांना पांघरुणं द्यायची, सूप वाढायचं. मंडळाने छापलंय ते हेच. बायको तिथे बाईंचा फोटो घेऊन हिंडायची. लविवचं कुणी भेटलं की मला हाक मारायची, "अहो, नीट विचारा हो, हिला कुठे पाहिलंय का." आणि मी नीट विचारायचो. जर्मन समजणारी एखादी बाई मिळाली की तिच्या हातात फोटो देऊन, नाव सांगून विचारायचो. सगळ्याजणी नकारार्थी माना हलवायच्या. बायको प्रत्येकीचे आभार मानायची.

हे मला तीन आठवडे जमलं. मग सहन होईना, म्हणून दुसरं खोटं बोललो. संदेश आला, म्हटलं. पोलंडमध्ये बहिणीकडे सुखरूप आहे. बायको खुर्चीत बसली आणि पदर डोळ्यांना लावून किती तरी वेळ रडली. मग मागच्या खोलीतल्या चादरी काढून घडी करून ठेवल्या.

त्या हद्द ओलांडू शकल्या का, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी बायकोच्या हृदयाने दुसऱ्यांदा दगा दिला. इस्पितळात तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बरी झाले की पोलंडला जाऊ. तुम्ही तिकिटं बघा." त्या संध्याकाळी मी इतक्या वर्षांनी त्या नंबरवर संदेश पाठवला. तो पोचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी वाक्य जुळवत गेलो. तिच्याजवळ बसलो, हात धरला.

"अगं, एक सांगायचं होतं. त्या लविवच्या बाई..."

"काय हो? बरी आहे ना ती?"

ती उशीवरून उठू पाहत होती. यंत्रावरचे आकडे वाढायला लागले. म्हणजे मी तसं स्वतःला सांगितलं. ते मुळात वाढले होते की नाही, मी नीट पाहिलंही नाही.

"बरी आहे," मी म्हणालो. "वाट बघतेय तुझी."

ती हसली, परत आडवी झाली. आणखी चार दिवस ती होती, बहुतेक वेळ जागी. मी रोज सकाळी आठला जाऊन बसत होतो. रोज ती विचारायची, "त्या दिवशी काय सांगत होतात हो?" आणि मी म्हणायचो, काही नाही.