गाळोबाची टाकी

तर काल कुठवर आलो होतो? हां, नवा साहेब नाकाला रुमाल लावून हवेच्या टाकीशी उभा होता. सांडपाणी केंद्रात तीस वर्षं काढलेल्या, म्हणूनच गाळोबा म्हणवल्या जाणाऱ्या ऑपरेटरवर तो खेकसत होता, "उद्या पाहुणे येणार! हा तपकिरी गाळ आजच उपसून फेक, पाणी नितळ दिसलं पाहिजे!"

गाळोबा जागचा हलला नाही. सुरुवातीच्या जाळीत चिंध्या अडकतात, त्यानंतरच्या टाक्यांत वाळू आणि जड मैला तळाशी बसतो. पण पाण्यात विरघळलेली घाण खातात ते या गाळातले जंतू. म्हणून तर त्यांना सतत हवा द्यायची आणि हिच्या पुढच्या टाकीत खाली बसलेला गाळ पुन्हा इथेच आणून सोडायचा. तो फेकला की घाण थेट नदीत, आणि खालच्या गावात त्याची लेक नांदत होती.

"नोकरी जड झाली काय रे तुला?" साहेब कडाडला.

गाळोबाने गाळ उपसायच्या पंपाच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

"मला काढलंत तर उद्या दुसरा मिळेल, साहेब. हे जंतू गेले तर महिनाभर मिळायचे नाहीत. तेव्हा मलाच काढा."