टेबलाशी लिहिलेली ओळ

वॉर्डातल्या सगळ्या जणी तिला मोठ्या सिस्टर म्हणत, आणि पाठीमागे कंप्लेंटबाई. हे नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलं होतं. रोज सकाळी पेशंटच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहायची असते: नो फ्रेश कंप्लेंट्स. म्हणजे कालपासून नवीन त्रास नाही. नव्या नर्सेस टेबलाशी बसून एका दमात तीस कागदांवर ती खरडू लागल्या, की हिचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

"अगं, विचारलंस का पेशंटला? जुनं दुखणं असेल तर जुनं म्हणून लिही. आणि विचारलंच नसेल तर हे वाक्य लिहूच नकोस. ती थापच की!"

बावीस वर्षं तिनं हेच घोकून घेतलं. बाई खडूस, पण तिच्या वॉर्डातला कागद खोटं बोलत नसे.

मग तिची थोरली बहीणच खुब्याचं हाड मोडून त्याच वॉर्डात आली. आईच्या माघारी हिला तिनंच वाढवलेलं. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर वेळेआधीच राउंडला आले आणि एकच धांदल उडाली. एकच कागद राहिला होता, ताईचा. घरच्या माणसाला काय विचारायचं? आत्ताच तर तिनं लांबून हात हलवला होता. मोठ्या सिस्टरनी उभ्या उभ्याच ओळ लिहून टाकली. डॉक्टरांनी ती वाचली, ताईकडे बघून हसले आणि पुढे गेले.

दुपारी ताई गेली. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती.

शेजारच्या खाटेवरची बाई रडत म्हणाली, "पहाटेपासून पोटरी ठणकत होती हो त्यांची. मी म्हटलं, सांगा कुणाला तरी. तर म्हणे, बहीण विचारायला येईलच, तेव्हा सांगते. हात करून बोलावलं पण तुम्हाला."

तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी कागद पुढे केला. "सिस्टर, जिवाला लावून घेऊ नका. हे बघा, सकाळी काहीच त्रास नव्हता. कुणाची चूक नाही यात."

कागद तिनं हातात घेतला. तिनं पेन काढलं. बाजूला उभी असलेली एक नवी नर्स पुटपुटली, "असू द्या ना मोठ्या सिस्टर, कुणाला कळणार आहे?"

तिनं त्या ओळीखाली लिहिलं, 'पेशंटला विचारलं नव्हतं.' सही केली, वेळ टाकली आणि कागद डॉक्टरांच्या हातात दिला.