मामांचा पाझर

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांइतकं गणित येणारा आणि गणितातच नापास होणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही. मामा सणसरला कालव्यावर पाटकरी होते. मोजणीदाराच्या जागेसाठी सातवीची फायनल पास हवी, म्हणून पंचावन्न सालच्या सुमारास, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते परीक्षेला बसू लागले. पस्तीस गुण लागत. पहिल्या वर्षी एकवीस मिळाले, दुसऱ्या वर्षी एकोणीस. साहेबांनी बजावलं की, यंदा शेवटचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मी शिक्षक नव्हे. पण चुकलेला आकडा मला खपत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

दर रविवारी सकाळी मामा सायकलवरून बारामतीला येत. आल्या आल्या बाभळीची एक काठी आमच्या रांजणात बुडवत, ओला भाग बोटांनी मोजत आणि भाचीला म्हणत, "चार बोटं कमी हाय गं." ती आतून ओरडे, "मामा, आत्ता तुमच्याच चहाला घेतलं!" पाणी दिसलं की मोजायचं, ही त्यांची रीत. गुणाकार तोंडी, माझ्या पेन्सिलीच्या आधी. तरीही उत्तर पुस्तकाशी जुळायचं नाही. एक तोटी हौद चार तासांत भरते, असं गणित आलं, तर मामा पाच तास लिहीत. का, तर पाझर धरला. बारा मजूर आठ दिवसांत चर खणतात, तर सोळा मजूर किती दिवसांत? मामांचं उत्तर सात.

"मामा, सहा."

"आन मधी बाजार येतोय की! बाजाराला कोन जानार, तुमी?"

मी म्हणालो, "शुक्रवारी सुरू केलं तर बुधवारी संपेल. बाजार गुरुवारचा. मध्ये येतोच कुठे?"

"शुक्रवारी कोन काम धरतंय, जावईबापू? बाजार करून अंग मोडून आलेलं असतंय."

मी पुढचं गणित काढलं.

परीक्षेआधीच्या रविवारी मी रीत समजावणं सोडून दिलं. म्हटलं, "मामा, पुस्तकातला हौद नवा आहे. कालच बांधलाय. थेंबभर पाझरत नाही."

मामांनी बराच विचार केला. "गवंडी कोन?"

इंदापूरचा एक म्हातारा गवंडी त्यांच्या विश्वासातला होता. मी बेधडक त्याचं नाव घेतलं. हिशेबाच्या बाबतीत जन्मात त्या एकाच रविवारी मी थापा मारल्या आहेत.

"त्यो असंल तर न्हाय पाझर," मामा म्हणाले. "आन मजूर?"

"त्यांनी बाजार आधीच करून ठेवलाय."

"मग सहा. आधी न्हाय का सांगायचं!"

मामांना एकेचाळीस गुण मिळाले. पेढे घेऊन आले, पण चेहरा पडलेला. "पास झालो, पन त्यो हौद मनातनं जाईना. पानी कमी पडल्यावर मानसानं जाब कुनाला इचारायचा?" मोजणीदार झाल्यावर मात्र त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. त्यांच्या पाटावर शेवटच्या शेताला पाणी पोचलं नाही, असं मी कधी ऐकलं नाही.

मामांना जाऊन आता चार वर्षं झाली. यंदा आम्ही जळोचीला घर बांधलं, अंगणात हौदही बांधला. माझ्या हिशेबाने तो चाळीस मिनिटांत भरायला हवा होता. मी घड्याळ घेऊन बसलो. पंचेचाळीस मिनिटं झाली, तरी पाणी काठाला लागलं नाही. मी वही उघडून आकडे पुन्हा तपासले. सगळे बरोबर होते. तेवढ्यात ही आतून मामांची ती जुनी बाभळीची काठी घेऊन आली, हौदात बुडवली, बोटं लावून बघितली.

"चार बोटं कमी," ती म्हणाली.

मी वही मिटली.