जाणारं की राहणारं

फोटो एडिट करताना माझा एकच नियम आहे. पंधरा दिवसांत जे आपोआप जाईल ते पुसायचं, जे राहील त्याला हात लावायचा नाही. मुरूम, डासाचा चावा, दाढी करताना झालेला ओरखडा जातो. तीळ, जुने वण, हसताना पडणाऱ्या सुरकुत्या राहतात. कधी नुसतं बघून कळत नाही, मग विचारावं लागतं. अनोळखी माणसाला काही विचारणं मला फोटो काढण्यापेक्षा अवघड जातं. सुरुवातीला मी “टेंपररी आहे की पर्मनंट?” असं विचारायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, तेच शब्द पटकन तोंडात येत. बाबा हसायचे. ते धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जात.

“अगो, टेंपररी-पर्मनंट कामगार असतात. माणसाच्या तोंडाला असं विचारतात काय? जाणारं की राहणारं, असं विचार.”

तेव्हापासून मी तसंच विचारते.

बाबांची सुट्टी आणि माझं शूट एका दिवशी आलं की ते मला आमच्या अष्टमी गावाहून स्कूटरवर न्यायचे आणि थर्माकोलची पांढरी शीट धरून उभे राहायचे. मी फ्लॅश वापरत नाही. उन्हाचा उजेड त्या शीटवरून चेहऱ्यावर वळवते, एवढंच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पेणच्या खाडीकडे, एका मिठागरात शूट होतं. लग्न ठरलेल्या मुलीचं. तिची आई त्याच मिठागरात काम करायची, म्हणून मुलीला फोटो तिथेच हवे होते. आईला ते अजिबात पटलं नव्हतं.

“लोकांच्या पोरी बागेत फोटो काढतात, हिला मिठात काढायचेत! खारवून ठेवायची हाय काय हिला?”

मुलगी साडी बदलून येईपर्यंत उजेड बघावा म्हणून मी बाबांना मिठाच्या राशींमध्ये उभं केलं. मिठावरचा उजेड खालून येतो. हनुवटीखाली, मानेवर, जिथे एरवी सावली असते तिथेही पोचतो. थर्माकोलची गरजच नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते बाबांना कळेना. तेवढ्यात मुलीची आई ओरडली, “नवरदेव लई लाजतोय गो!” बाबा मान वर करून हसले. मी बटण दाबलं.

घरी आल्यावर तो फोटो मोठा करून बघितला. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कडेला, वालाच्या दाण्याएवढा फुगवटा होता. घरातल्या उजेडात मला तो कधी दिसला नव्हता.

“बाबा, हे जाणारं की राहणारं?”

त्यांनी चष्मा लावून स्क्रीन बघितली, मग बोटाने ती जागा चाचपली.

“जाणारं. दाढेची सूज असंल. पूस.” आणि उठता उठता म्हणाले, “ते टेंपररी. मी पर्मनंट.”

मी पुसलं. एक मिनिटही लागलं नाही. शेजारची कातडी उचलून तिथे बसवली. जोड कुठे दिसत नव्हता, याचा मला थोडा अभिमानही वाटला. बाबांनी तो फोटो व्हॉट्सॅपला लावला.

पाऊस ओसरत आला तेव्हा त्यांना घास गिळताना त्रास व्हायला लागला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, “ही गाठ कधीपासून आहे?”

“झाला असंल महिना-दीड महिना,” बाबा म्हणाले.

मी फाइल धरून मागे उभी होते. फोटोवर तारीख असते. मला महिनाच नव्हे, दिवस आणि वेळही माहीत होती. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे, तशीच गप्प राहिले. डॉक्टरांनी दीड महिना लिहिलं. तेव्हा बोलले असते तर काही फरक पडला असता का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

थंडीत बाबा गेले.

तेराव्यानंतर आई म्हणाली, “भिंतीला तो मिठातला फोटो लाव.” मी हो म्हटलं आणि तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं, पुसलेला आणि मूळ असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले, आणि सगळं सांगितलं. वालाचा दाणा, जाणारं-राहणारं, फाइल धरून गप्प राहणं. सांगताना मी स्क्रीनकडेच बघत होते.

आईने मूळ फोटोवर, त्या फुगवट्यावर बोट ठेवलं.

“झोपले की हा कान माझ्या बाजूला असायचा. मला दिसला नसंल काय गो?”

मी तिच्याकडे बघितलं.

“मीपण विचारलं व्हतं. मलापण तेच बोलले. जाईल.”

मी विचारलं, कुठला लावू?

“पुसलेला लाव. त्यांनी सांगितलं म्हणून पुसलंस.” मग तिने आपला मोबाइल माझ्यापुढे केला. “आणि हा न पुसलेला ह्याच्यात दे. कोणाला दाखवायचा नाय.”

भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. येणारे-जाणारे म्हणतात, काय छान आलाय, किती ठणठणीत दिसतायत. आई चहा टाकायला उठते. मीही तिच्या मागोमाग आत जाते.