चावणाऱ्या मशिनी

माझ्या विषयाला बोर्डात मार्क नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कोणी विचारायला नको की बाबा, एवढा कशाला जीव जाळला. मंगरूळपीरच्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला कॉम्प्युटर शिकवतो. हार्डवेअर, सॉफ्टवेअर, नेटवर्क, सगळं मीच. मानधनावर. गणिताच्या सरांचा धडा राहिला की माझा तास जातो. संमेलनाची तालीम असली की माझाच तास जातो. अन् यातलं काहीच नसलं तर लॅबची चावी सापडत नाही, म्हणून जातो.

मी रुजू झालो तेव्हा पोरं तयार होती हो. म्हणजे पाठांतरात. ‘संगणकाचे मुख्य भाग किती?’ विचारलं की अख्खा वर्ग पाढे म्हटल्यासारखा उत्तर द्यायचा. रॅम म्हणजे काय, रॉम म्हणजे काय, सगळं घडाघडा. मी कॅबिनेटचं झाकण काढून म्हटलं, यातली रॅम दाखवा. एकानं भीत भीत पंख्यावर बोट ठेवलं. मग मी म्हटलं, उद्यापासून आपण नेटवर्क बनवू. तर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, गच्चीवर जा लागन काय?’ मोबाइलची रेंज गच्चीवरच मिळते ना, म्हणून. मी हसलो तेव्हा. पण रूमवर आल्यावर हसू काही राहिलं नाही. या पोरांना दोन वर्षं काय शिकवलं होतं? डोकं नुसतं भणभणलं.

लॅबमध्ये दहा मशिनी. प्रत्येकीवर फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं कव्हर, आणि मॉनिटरच्या कपाळावर दसऱ्याच्या पूजेचं हळदीकुंकू, ते कोणी पुसायचं नाही. दारात चपला काढायच्या. हा नियम मुख्याध्यापकांचा. मशिनी आल्या त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला होता, आणि तेव्हापासून लॅबमध्ये चप्पल गेली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला छातीवर हात ठेवून सांगायचे. काही पोरं तर उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावत अन् मग आत येत. आता मला सांगा, असं पाया पडून आत आलेलं पोर स्क्रू-ड्रायव्हर कशाला हातात घेईल?

पण खरं दुखणं वेगळंच होतं. मशिनी चावायच्या.

हा शब्द पोरांचा. पहिल्याच आठवड्यात एका पोरीनं सांगितलं, ‘सर, चार नंबरची चावते.’ मी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. टेस्टर टेकवला तर दिवा लागला. तीन नंबरला लावला, लागला. सात नंबरला लावला, लागला. बोर्ड उघडून पाहिला. तीन भोकांचा सॉकेट होता, पण तिसऱ्या भोकाला मागून वायरच नव्हती! दोन मशिनींची तर प्लगची जाड पिनच तोडून टाकलेली, एक्स्टेन्शनमध्ये बसत नाही म्हणून. जिच्यातून चोरटा करंट जमिनीत जायचा, तीच पिन कोणीतरी पक्कडीनं उडवली होती. आणि वरून पोरं अनवाणी. म्हणजे करंटला जमिनीत जायला वायर नाही, पण पोरांचे पाय आहेत. वाहवा!

पोरांनी आपला उपाय शोधून ठेवला होता. खुर्चीवर मांडी घालून बसायचं. अख्खा वर्ग पंगतीला बसल्यासारखा मांडी घालून कीबोर्ड बडवायचा. मी घरून सोयाबीनची रिकामी पोती आणली, कापली, प्रत्येक खुर्चीपुढं पायाखाली एक तुकडा टाकला.

मग मुख्याध्यापकांकडे गेलो. ‘सर, लॅबला अर्थिंग नाही. मागं खड्डा करून अर्थिंग घ्या लागते. तोवर निदान चपला घालू द्या.’

ते हसले. ‘अहो सर, जराशी मुंगी येते. इतक्या वर्षांत कोणाले काही झालं काय?’

‘झालं नाही म्हणूनच सांगून राह्यलो. उद्या आत एखादी वायर सुटली, तर मुंगीवर भागणार नाही.’

‘पाहू. पन चप्पल नाही. धूळ जाते मशिनीत.’

हे ‘पाहू’ मी किती वेळा ऐकलं, त्याचा हिशेब ठेवला नाही. तोंडी सांगितलं, लेखी दिलं, स्टाफ मीटिंगमध्ये विषय काढला. तिथं एका सरांनी मलाच शहाणपण शिकवलं, ‘तुमी मशीन चालूच कायले करता? फळ्यावर शिकवा ना.’ फळ्यावर! पोहणं पण फळ्यावरच शिकवतात वाटते यांच्या गावात.

अशा या लॅबमध्ये दहावीतली एक पोरगी होती. बांगड्यांचं दुकान होतं तिच्या अब्बाचं, दर्ग्याच्या रस्त्यावर. शाळा सुटली की ती दुकानात बसायची. गिऱ्हाइकाचा हात दाबून, बोटं मिटवून, काच न फोडता बांगडी चढवायची, त्यामुळे हातात कमालीची सफाई. मी पहिल्यांदा नेटवर्कची केबल सोलून दाखवली, आतल्या आठ बारीक तारा रंगांच्या क्रमानं लावायच्या आणि क्लिपमध्ये सरकवायच्या. बाकीच्यांच्या तारा इकडच्या तिकडं. हिनं दुसऱ्याच वेळी अशी केबल बनवली की मी केबल तपासायचा टेस्टर लावला आणि आठही दिवे ओळीनं लागले. मी म्हटलं, ‘अगं, हे तुला कोणी शिकवलं?’ तर म्हणे, ‘तुमीच तं आत्ता शिकवलं ना सर!’

तिला दहावीनंतर अकोल्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा होता. ती हे रोज एकदा तरी बोलायची. घरात मात्र वेगळं ठरत होतं. अब्बा वाईट माणूस नव्हता, पण घाबरट. पोरगी एकटी अकोल्याला, हॉस्टेलवर, तेही तारा-मशिनींच्या शिक्षणाला, हे त्याला पचत नव्हतं. आधी म्हणे नाहीच. मग तिनं इतकी भुणभुण लावली की तो म्हणाला, ‘पालक सभेत येतो. तू काय करून राह्यली ते डोळ्यानं पाहतो. मंग सांगतो.’

तिनं हे मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मलाही हुरूप आला. ठरवलं, सभेत ही पोरगी सर्वांसमोर केबल बनवेल, दोन मशिनी जोडेल आणि चार नंबरवरचा फोटो पाच नंबरवर उघडून दाखवेल. आम्ही तालीम केली. पायाखाली पोतं, तर काही अडचण नव्हती.

सभेच्या दिवशी सकाळी लॅब उघडली. पोती गायब. फरशी धुऊन काढलेली, अजून ओलीचिंब. दारात रांगोळी.

शिपाईकाकांना विचारलं, पोती कुठं? ‘मोठ्या सरांनी उचलाले लावली. पाहुण्यांसमोर गबाळं दिसते म्हणे.’

मी त्या पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आज चप्पल घालूनच आत ये. कोणी काही म्हटलं तर माझं नाव सांग.’

लोक जमले, वर्गातली पोरं दाराशी दाटीनं उभी. तिचा अब्बा पुढच्याच खुर्चीवर. तोही बिचारा चपला बाहेर काढून, पांढरी टोपी नीट करून बसलेला. तिनं केबल सोलली, तारा लावल्या, क्लिप पक्कडीनं दाबली. बायका माना उंच करून पाहत होत्या. ‘पोरगी हुशार हाय हो,’ असं कोणीतरी म्हणालं, आणि अब्बानं मान खाली घालून हसू लपवलं. ते मी पाहिलं. मला वाटलं, झालं, गड जिंकला.

ती केबल घेऊन चार नंबरच्या मागं जायला वळली तेवढ्यात मुख्याध्यापकांची नजर तिच्या पायांकडं गेली.

‘ए बाई, चप्पल! लॅबमध्ये चप्पल?’

‘सर, मी सांगितलं तिला,’ मी म्हणालो. ‘फरशी ओली आहे.’

‘असू द्या ओली. इथं इतके पालक अनवाणी बसले, अन् हिले चप्पल पाहिजे?’

अब्बा ओशाळला. चारचौघांत पोरीमुळे बोलणं खावं लागलं, असं वाटलं असेल त्याला. तो हळूच म्हणाला, ‘उतार बेटा. बडों की बात सुनते.’

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ‘नको’ म्हणून मान हलवली. मग तिनं अब्बाकडं पाहिलं आणि चप्पल काढली. काढणारच ना! त्याच्याच एका शब्दावर सगळं अडलं होतं. मी बोर्डाकडं धावलो, पण मध्ये खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं. ती ओल्या फरशीवर उभी राहिली, एक हात कॅबिनेटवर टेकवला आणि दुसऱ्यानं केबल लावायला गेली. तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की सगळी लॅब उठून उभी राहिली. हात झटकला गेला, केबल खाली, ती मागच्या भिंतीवर आदळली. मी मेन स्विच पाडला.

लागलं नव्हतं फार. पण ती रडत म्हणत होती, ‘अब्बा, मले येते, खरंच येते मले.’ हातातल्या झटक्यापेक्षा तिला त्याचं पडलं होतं.

मुख्याध्यापक लगबगीनं म्हणाले, ‘काही नाही, काही नाही, थोडी मुंगी येते मशिनीले.’

अब्बा उठला. पोरीचा तळवा उलटा-सुलटा करून पाहिला. मग मला म्हणाला, ‘सर, चालू करा.’

‘नको.’

‘करा ना. मले पाहू द्या.’

मी स्विच वर केला. त्यानं अनवाणी पायांनी पुढं होऊन कॅबिनेटला बोटांची मागची बाजू लावली आणि चटका बसल्यासारखी ओढून घेतली. मग पोरांकडं वळून विचारलं, ‘हे रोजचं हाय काय रे?’

‘हव!’ सगळा वर्ग एका सुरात. रॅमची व्याख्या म्हणायचे ना, त्याच सुरात.

तो माझ्याकडं वळला. ‘तुमाले मालूम होतं?’

‘हो. मी सांगितलं होतं. पुष्कळदा सांगितलं.’

‘सांगतलं,’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. ‘सर, इथं मी हाकेच्या अंतरावर राहतो. तरी माह्या पोरीले रोज करंट लागते अन् मले आज समजते. तिथं अकोल्यात कोन पाहीन तिले?’

मी म्हटलं, तिथं चांगल्या लॅब असतात, तिथं असं नसतं. त्यानं ऐकून घेतलं. सलाम केला, पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. मला मुख्याध्यापकांची गचांडी धरावीशी वाटत होती. धरली नाही. मानधनावरचा माणूस कोणाची गचांडी धरतो?

त्यानंतर मी दोनदा दुकानात गेलो. दोन्ही वेळा चहा मिळाला, होकार मिळाला नाही. निकाल लागला, पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली, डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले आणि संपले. तिचं नाव गावातल्या ज्युनिअर कॉलेजात, अकरावी आर्ट्सला घातलं.

पावसाळ्यात एक दिवस मुख्याध्यापक कुठलीशी ऑनलाइन माहिती भरायला स्वतः लॅबमध्ये बसले. बाहेर चपला काढून, नियमाप्रमाणे. बटण दाबायला कॅबिनेटवर हात टेकवला आणि ‘अरे बाप रे!’ करून असे उडाले की खुर्ची उलटली. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन हजर! लॅबच्या मागं खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा-मीठ टाकलं, आत वायर ओढली, तुटक्या पिनांचे प्लग बदलले. मी टेस्टर घेऊन एकेका मशिनीला लावत गेलो. एकही दिवा लागला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की टेस्टर भिरकावून द्यावासा वाटला.

संध्याकाळी मी दर्ग्याच्या रस्त्यानं दुकानात गेलो. का गेलो, मलाही नीट सांगता येत नाही. अब्बा नमाजाला गेला होता. ती एकटीच बसली होती, समोर एक बाई हात पुढं करून. मला पाहून उठली.

‘या ना सर.’

‘अगं, लॅबला अर्थिंग झालं,’ मी म्हणालो. ‘आता कोणालाच करंट लागत नाही.’

‘खरंच? बरं झालं, सर.’ तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. मग तिनं विचारलं, ‘किती टाइम लागला त्याले?’

खोटं बोलायचं मनात आलं होतं. जमलं नाही.

‘एक दुपार.’

ती खाली बसली, त्या बाईची बोटं जुळवून मिटवली आणि हिरवी बांगडी जपून वर चढवू लागली.