काचेवरचं कुंकू

मिरजेच्या दवाखान्यातल्या आमच्या लॅबमध्ये काल खंडेनवमीला ओल्या कुंकवाचा वास आला आणि कडेगावकडची शाळा आठवली. साखर कारखान्यानं शाळेला सूक्ष्मदर्शक भेट दिला होता. तो वर्षभर कपाटात असायचा. खंडेनवमीला तेवढा बाहेर काढून विज्ञानाच्या बाई त्याला झेंडू वाहायच्या, डोळा लावायच्या काचेवरच कुंकू लावायच्या. “बाई, कांदा बघू का ह्यातनं?” “लांबनं बघ. बिघडला तर कारखाना परत देणार न्हाई.” बाई नारळ फोडायला वळल्या, तेवढ्यात मी डब्यातल्या कांद्याचा पापुद्रा खाली सरकवून डोळा लावला. सगळं लाल. परीक्षेत मी कांद्याची पेशी लाल रंगवली. बाईंनीही ती कधी बघितली नव्हती. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. काल मी लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाची काच सोडून बुडाला कुंकू लावलं आणि पुढच्या पेशंटचं रक्त बघायला घेतलं.